लिव्हर ट्रान्सप्लांटनंतरचे हर्पीस विषाणू: रुग्ण आणि घरच्यांसाठी पायरीपायरीने

घरात कुणाचं लिव्हर ट्रान्सप्लांट झालं की सगळ्यांचं लक्ष बाहेरून येणाऱ्या जंतूंकडे असतं. मास्क, हात धुणं, वेगळी खोली, भेटायला येणाऱ्यांना बंदी, उकळलेलं पाणी. हे सगळं करायलाच हवं. पण ज्या विषाणूंबद्दल हा लेख आहे ते बहुतेक वेळा बाहेरून येत नाहीत. ते रुग्णाच्या शरीरात लहानपणापासून मुक्काम करून असतात, नाहीतर दात्याच्या लिव्हरबरोबर आत येतात. मास्क त्यांना अडवत नाही. त्यांना अडवतात ठरलेली गोळी, वेळेवर केलेली रक्ततपासणी आणि लवकर केलेला फोन.

ऑपरेशन नुकतंच झालंय किंवा लवकरच होणार आहे, अशांसाठी हा लेख आहे. डोस आणि कालावधी तुमची टीमच ठरवेल. इथे जे आकडे दिले आहेत ते टीमचं बोलणं समजावं म्हणून आहेत, स्वतः औषध बदलण्यासाठी नाहीत.

आधी ओळख

माणसाला होणारे हर्पीस कुळातले विषाणू आठ आहेत. सहाव्याचे दोन प्रकार वेगळे मोजले तर नऊ. हर्पीस सिम्प्लेक्स 1 आणि 2 मुळे ओठावर किंवा गुप्तांगावर पुरळ येतं. व्हॅरिसेला झोस्टरमुळे कांजिण्या आणि पुढे नागीण होते. एपस्टाईन-बार म्हणजे ईबीव्ही, सायटोमेगालोव्हायरस म्हणजे सीएमव्ही, आणि शेवटी क्रमांकानेच ओळखले जाणारे सहा, सात आणि आठ. रिपोर्टवर ‘हर्पीस’ वाचून घरात कुजबुज सुरू होते, रुग्णालाही संकोच वाटतो. त्याची काही गरज नाही. यातले बरेचसे विषाणू लाळेतून, श्वासातून, आईच्या दुधातून लहानपणीच मिळतात. भारतात प्रौढांपैकी फार मोठ्या वर्गाला सीएमव्हीची लागण कधीतरी होऊन गेलेली असते आणि बहुतेकांना ती कळतही नाही.

या कुळाची एक खोड सर्वांत सारखी आहे. एकदा शरीरात शिरलेला विषाणू परत जात नाही. मज्जातंतूंच्या गाठींत किंवा रक्तातल्या पेशींत तो निपचित पडून राहतो आणि टी-पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, त्याच्यावर आयुष्यभर पहारा देतात. ट्रान्सप्लांटनंतरची टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन ही औषधं नेमक्या याच टी-पेशींना शांत ठेवतात, कारण नव्या लिव्हरवर हल्ला करणाऱ्याही त्याच असतात. लिव्हर वाचवायचं तर पहारा सैल करावा लागतो आणि पहारा सैल झाला की आतले विषाणू डोकं वर काढतात. तुमचे डॉक्टर पहिलं वर्षभर याच दोन गोष्टींचा तोल सांभाळत असतात.

पहिली पायरी: ऑपरेशनच्या आधी दोघांचं रक्त तपासून घ्या

आपल्याकडे बहुतेक लिव्हर ट्रान्सप्लांट जिवंत दात्याकडून होतात. बायको, मुलगा, भाऊ, आई असं कुणीतरी घरचंच लिव्हरचा भाग देतं. याचा एक फायदा असा की दाता आधीपासून ठरलेला असतो आणि तपासणीला वेळ मिळतो. दाता आणि रुग्ण दोघांचीही सीएमव्ही आयजीजी आणि ईबीव्ही आयजीजी ही तपासणी होते. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे लागण पूर्वी होऊन गेली आहे, विषाणू शरीरात आहे आणि त्याला ओळखणारी प्रतिकारशक्तीही आहे. निगेटिव्ह म्हणजे शरीराने हा विषाणू अजून पाहिलेलाच नाही.

इथे एक बारकावा आहे. लिव्हर खराब असलेल्या रुग्णांना ऑपरेशनआधीच रक्त, प्लाझ्मा चढवावा लागतो. त्यातून दुसऱ्याच्या अँटिबॉडी रुग्णाच्या रक्तात येतात आणि मूळचा निगेटिव्ह माणूस काही काळ पॉझिटिव्ह दिसू शकतो. लहान बाळांत आईच्या अँटिबॉडींमुळे असाच घोळ होतो. म्हणून शक्य असेल तर हा नमुना रक्त चढवण्याआधी द्या, आणि आधी रक्त चढलं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

दोन रिपोर्टांची जोडी लावली की धोका किती ते कळतं. दाता पॉझिटिव्ह आणि रुग्ण निगेटिव्ह ही सर्वांत जोखमीची जोडी, कारण ज्या विषाणूशी शरीराची ओळखच नाही तो थेट नव्या अवयवात बसून येतो. काहीच प्रतिबंध केला नाही तर या जोडीतल्या साधारण निम्म्या रुग्णांना सीएमव्हीचा आजार होऊ शकतो. रुग्ण स्वतः पॉझिटिव्ह असेल तर धोका मध्यम. भारतीय प्रौढ बहुतेक याच गटात येतात. दोघंही निगेटिव्ह असतील तर धोका सर्वांत कमी.

लहान मुलांचं चित्र मात्र उलट असतं, आणि ते पालकांना आधीच माहीत असायला हवं. मुलांमध्ये लिव्हर ट्रान्सप्लांटची वेळ येण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे बिलियरी अट्रेशिया, जन्मतः पित्तनलिका बंद असणं. हे ट्रान्सप्लांट बऱ्याचदा पहिल्या एक-दोन वर्षांतच होतं. दाता आई किंवा बाबा, म्हणजे बहुतेक वेळा पॉझिटिव्ह. बाळ निगेटिव्ह. सीएमव्ही आणि ईबीव्ही दोन्हींसाठी सर्वांत जोखमीची जोडी इथे घरातच जुळते. म्हणून पालकांनी आपल्यावर काही ठपका घेण्याचं कारण नाही. आई-बाबांचं लिव्हर हाच बाळासाठी अनेकदा उत्तम पर्याय असतो. फक्त तपासण्या जास्त वेळा होतील याची तयारी ठेवा.

याच काळात लशींचं बोलून घ्या. कांजिण्यांची लस जिवंत विषाणूची असते, त्यामुळे ती ट्रान्सप्लांटनंतर सहसा देत नाहीत. द्यायची असेल तर ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी. नागिणीवरची नवी लस, शिंग्रिक्स, जिवंत विषाणूची नाही. ती भारतात 2023 पासून मिळते आणि तिचे दोन डोस असतात. तुमच्या बाबतीत ती आधी द्यायची की नंतर, किती अंतराने, हे टीमला विचारा. ऑपरेशनच्या धावपळीत हा प्रश्न राहूनच जातो.

दुसरी पायरी: डिस्चार्जच्या दिवशी फाईलचं पहिलं पान तयार करा

डिस्चार्ज कार्डावर सगळं असतं, पण रात्री दोन वाजता ताप आल्यावर त्या दाटीवाटीच्या कागदात काही सापडत नाही. एक कोरा कागद घ्या आणि मोठ्या अक्षरांत लिहा: ट्रान्सप्लांटची तारीख, दात्याचं आणि रुग्णाचं सीएमव्ही, ईबीव्ही पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, विषाणूविरोधी गोळीचं नाव आणि डोस, ती गोळी कधी बंद होणार ती तारीख, कांजिण्या पूर्वी झाल्या होत्या का, ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरचा (म्हणजे टीमशी संपर्क ठेवणाऱ्या व्यक्तीचा) दिवसाचा आणि रात्रीचा नंबर. पान फाईलला सगळ्यात वर लावा, त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलवर ठेवा.

गोळी बंद होण्याच्या तारखेभोवती लाल गोल करा. माझ्या मते या पानावरची सगळ्यात महत्त्वाची नोंद तीच आहे. का, ते पुढे येतंच.

तिसरी पायरी: गोळी समजून घ्या

सीएमव्ही रोखण्याच्या दोन पद्धती आहेत आणि कोणती तुमच्यासाठी वापरत आहेत हे तुम्हाला माहीत असायला हवं.

पहिलीत व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरची गोळी सुरुवातीपासूनच देतात. किडनी नीट काम करत असेल तर प्रौढांचा नेहमीचा प्रतिबंधक डोस दिवसातून एकदा 900 मिलिग्रॅम, म्हणजे 450 च्या दोन गोळ्या, असतो. जास्त जोखमीच्या जोडीत हे तीन ते सहा महिने चालतं, मध्यम जोखमीत साधारण तीन महिने.

दुसरीत गोळी लगेच देत नाहीत. दर आठवड्याला, साधारण तीन महिने, रक्ताची सीएमव्ही पीसीआर, म्हणजे रक्तात विषाणू आहे का आणि किती हे मोजणारी तपासणी, करतात आणि विषाणू दिसू लागला की लक्षणं येण्याआधीच उपचार सुरू करतात. 2020 साली अमेरिकेत 205 लिव्हर रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, सगळे जोखमीच्या जोडीतले. त्यात वर्षभरात सीएमव्हीचा आजार झाला तो गोळी आधीपासून दिलेल्यांपैकी 19 टक्के रुग्णांना, आणि दर आठवड्याला तपासून उपचार केलेल्यांपैकी 9 टक्के रुग्णांना. म्हणजे ‘आम्हाला गोळीच दिली नाही, विसरले बहुतेक’ अशी शंका घेण्याआधी विचारा. दुसरी पद्धत मुद्दामच निवडलेली असू शकते. पण तिची अट कडक आहे. आठवड्याची तपासणी आठवड्यालाच झाली पाहिजे आणि रिपोर्ट लगेच टीमपर्यंत गेला पाहिजे. घर केंद्रापासून लांब असेल, लातूर किंवा सिंधुदुर्गातून दर आठवड्याला नमुना पोचवणं अवघड असेल, तर ते मोकळेपणाने आधीच सांगा. पद्धत निवडताना डॉक्टरांना ही माहिती लागते.

गोळी घेण्याचे नियम थोडेच आहेत. ती जेवणाबरोबर घ्यायची. तोडायची नाही, कुटायची नाही. घरात कुणी गरोदर असेल तर तिने फुटलेल्या गोळीला किंवा तिच्या भुकटीला हात लावू नये, कारण हे औषध गर्भाला अपाय करू शकतं. याच कारणाने औषध चालू असताना गर्भधारणा टाळायची: स्त्रियांनी औषध थांबल्यावर आणखी 30 दिवस, पुरुषांनी 90 दिवस. हा प्रश्न ओपीडीत सगळ्यांसमोर विचारायला अवघड वाटतो, पण कोऑर्डिनेटरला फोनवर विचारता येतो.

तिचा मुख्य दुष्परिणाम म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होणं. मायकोफेनोलेटही तेच करतं आणि गंमत अशी की सीएमव्ही विषाणूही तेच करतो. त्यामुळे सीबीसीत, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीत, पांढऱ्या पेशी उतरल्या तर गोळी बंद करायची की वाढवायची, हे आपण घरी ठरवू शकत नाही. डॉक्टर कधी मायकोफेनोलेट कमी करतात, कधी पेशी वाढवणारं इंजेक्शन देतात.

ही गोळी महाग आहे. घरात पैसे संपत आले की कुणीतरी दोनऐवजी एक गोळी द्यायला लागतं, रुग्णाला न सांगताही. यामागची अगतिकता मला समजते, तरीही हे करू नका. किडनी कमजोर असताना डॉक्टर स्वतः हिशोब करून डोस कमी करतात, ती गोष्ट वेगळी. आपल्या मनाने अर्धवट डोस दिला की विषाणू मरत नाही आणि औषधाला निर्ढावतो. मग जी औषधं लागतात ती आणखी महाग आणि किडनीवर भारी असतात. पैसे कमी पडत असतील तर तसं सांगा. हॉस्पिटलचे समाजसेवा अधिकारी, जेनेरिक औषधं, दुसरी पद्धत असे मार्ग निघतात, पण गोळ्या संपण्याआधी बोललात तरच.

आणखी एक. अॅसिक्लोव्हिर आणि व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर ही नावं कानाला सारखी वाटतात, औषधं वेगळी आहेत. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर सीएमव्हीबरोबर तोंडावरच्या हर्पीसला आणि नागिणीलाही आवर घालतं. उलट अॅसिक्लोव्हिर सीएमव्हीला पुरत नाही. दुकानदाराने ‘हे नाही, ते घ्या, त्याच प्रकारचं आहे’ म्हटलं तर घेऊ नका.

चौथी पायरी: पहिला महिना

या काळात हर्पीस सिम्प्लेक्स आधी डोकं वर काढतो. ओठावर, तोंडात, कधी गुप्तांगावर किंवा गुदद्वाराजवळ दुखरे फोड, चट्टे. गिळताना दुखत असेल तर अन्ननलिकेतही असू शकतं. सीएमव्हीची गोळी चालू नसलेल्या रुग्णांना म्हणूनच पहिला महिनाभर अॅसिक्लोव्हिरसारखं औषध देतात. फोड दिसले तर दाखवा, जागा कुठलीही असो. उपचार सोपा आहे.

क्वचित हाच विषाणू लिव्हरवर येतो. तेव्हा तापाबरोबर एसजीओटी, एसजीपीटी हे लिव्हरची इजा दाखवणारे रक्तातले आकडे हजारांत जातात आणि अंगावर एकही फोड नसू शकतो. ही तातडीची अवस्था आहे. डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता शिरेतून अॅसिक्लोव्हिर सुरू करतात.

पाचवी पायरी: सीएमव्ही ओळखा

प्रतिबंधक औषध नसेल तर सीएमव्हीचा जोर साधारण पहिल्या ते सहाव्या महिन्यात असतो. सुरुवात अगदी साधी दिसते. बारीक ताप, अंगदुखी, थकवा, भूक मंदावणं. सीबीसीत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी. घरच्यांना वाटतं वातावरण बदललं, व्हायरल आहे, दोन दिवसांत उतरेल. ट्रान्सप्लांटच्या रुग्णात हा अंदाज बांधायचाच नाही. 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप गेला की फोन, मग कारण कितीही किरकोळ वाटो.

विषाणू अवयवांत उतरला की पोटाला त्याची विशेष बाधा होते: जुलाब, पोटदुखी, शौचातून रक्त, अन्ननलिकेत आणि आतड्यांत व्रण. लिव्हरवर परिणाम झाला तर एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, बिघडते. फुफ्फुसांत गेला तर कोरडा खोकला आणि धाप लागते. डोळ्याच्या पडद्यावर गेला तर नजर धूसर होते किंवा काळे ठिपके तरंगतात. लिव्हरच्या रुग्णांत हे कमी दिसतं, पण दिसलं तर त्याच दिवशी दाखवायचं.

जुलाबांबद्दल थोडं थांबून सांगतो. मायकोफेनोलेटमुळेही जुलाब होतात, बाहेरच्या खाण्यानेही होतात, सीएमव्हीनेही होतात. तिन्हींचा इलाज वेगळा. त्यात भर म्हणजे जुलाब चालू असताना टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढू शकते आणि किडनीला त्रास होतो. म्हणून दोन दिवस जुलाब थांबले नाहीत तर पीसीआरबरोबर टॅक्रो लेव्हलही करावी लागते. लेव्हलचं रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं असतं हे विसरू नका. गोळी घेऊन दिलेला नमुना भलताच आकडा दाखवतो आणि त्यावरून डोस बदलला तर नुकसान होतं.

एलएफटी वाढली तर घरात पहिला प्रश्न येतो, ‘रिजेक्शन?’, म्हणजे शरीर नवं लिव्हर नाकारतंय का? असू शकतं. सीएमव्हीही असू शकतो. पित्तनलिका अरुंद झाली असेल तेही असू शकतं. रिजेक्शनला स्टेरॉइड वाढवतात. सीएमव्ही असताना स्टेरॉइड वाढवले तर विषाणूला मोकळं रान मिळतं. म्हणून डॉक्टर कधीकधी लिव्हरची बायोप्सी करायला सांगतात. पॅथॉलॉजिस्टला सूक्ष्मदर्शकाखाली घुबडाच्या डोळ्यांसारख्या दिसणाऱ्या पेशी सापडल्या की सीएमव्हीचं निदान पक्कं होतं. बायोप्सीला घाबरून ‘आधी औषध देऊन बघा’ असा आग्रह धरू नका. इथे चुकीच्या बाजूचं औषध महागात पडतं.

रक्ताची तपासणी म्हणजे सीएमव्ही क्वांटिटेटिव्ह पीसीआर, बोलीभाषेत व्हायरल लोड. आकडा आययू प्रति मिलिलिटरमध्ये येतो. काही लॅब ‘सीएमव्ही आयजीएम’ पॅकेजमध्ये देतात. ट्रान्सप्लांटनंतर आजार ओळखायला तिचा उपयोग नाही, पैसे घालवू नका. पीसीआर दर वेळी एकाच लॅबमधून आणि एकाच प्रकारच्या नमुन्यावर करा, म्हणजे आज प्लाझ्मा आणि पुढच्या वेळी संपूर्ण रक्त असं नको. वेगवेगळ्या लॅबचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. एकाच लॅबमध्येसुद्धा तिपटीपेक्षा कमी फरक हा तपासणीचाच चढउतार असू शकतो, तेव्हा 600 चे 1,100 झाले म्हणून रात्र जागून काढू नका. रिपोर्ट पाठवा आणि पुढच्या आकड्याची वाट पाहा. आणि उलट बाजूनेही सावध राहा: आतड्यातल्या सीएमव्हीत रक्ताची पीसीआर निगेटिव्ह येऊ शकते. जुलाब थांबत नसतील आणि डॉक्टर कोलोनोस्कोपी सुचवत असतील तर ‘रिपोर्ट तर निगेटिव्ह आहे’ म्हणून टाळू नका.

निदान झाल्यावर व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर दिवसातून दोनदा 900 मिलिग्रॅम, किंवा आजार गंभीर असेल, गोळी पचत नसेल तर शिरेतून गॅन्सिक्लोव्हिर देतात. डोस इथेही किडनीप्रमाणे बदलतो. उपचार किमान दोन आठवडे, आणि लक्षणं जाऊन विषाणू रक्तातून नाहीसा होईपर्यंत. पहिल्या आठवड्यात आकडा थोडा वाढलेला दिसू शकतो. त्यावरून औषध लागू पडत नाही असं म्हणता येत नाही. पूर्ण डोस दोन आठवडे देऊनही आकडा उतरत नसेल तर विषाणूच्या जनुकांची तपासणी करून औषधाला दाद न देणारा प्रकार आहे का ते पाहतात. मग फॉस्कार्नेट किंवा अमेरिकेत 2021 मध्ये मंजूर झालेलं मॅरिबाव्हिर अशा पर्यायांचा विचार होतो.

सहावी पायरी: गोळी बंद झाल्यानंतरचे महिने

लाल गोल केलेली तारीख आता येते. तीन किंवा सहा महिने पुरे झाले, गोळी बंद. रुग्णाचं वजन वाढलंय, चेहऱ्यावर रंग आलाय, ओपीडी लांबली, नोकरीवर परत जायची तयारी. सगळ्यांना वाटतं आता सुटलो. जोखमीच्या जोडीत सीएमव्ही नेमका याच वेळी येतो. गोळीने विषाणू दाबून ठेवलेला असतो, पण शरीराला त्याची ओळख व्हायची राहिलेली असते. गोळी थांबल्यावर पहिल्या तीन महिन्यांत हा उशिरा येणारा सीएमव्ही सर्वांत जास्त दिसतो.

आणि तेव्हा रुग्ण बहुधा गावी असतो. ताप येतो, जवळच्या दवाखान्यात अँटिबायोटिक मिळतं, चार दिवसांनी दुसरं अँटिबायोटिक, मग टायफॉइडची तपासणी. दोन आठवडे असेच जातात. गावच्या डॉक्टरांचा यात दोष नाही. त्यांच्यासमोर ही शक्यता कुणी ठेवलेलीच नसते. ती ठेवणं आपलं काम आहे. तापाचा पहिला फोन ट्रान्सप्लांट टीमला करा, आणि स्थानिक डॉक्टरांकडे गेलात तर पहिलं वाक्य हेच असू द्या: ‘लिव्हर ट्रान्सप्लांट झालंय, सीएमव्हीची गोळी अमुक तारखेला बंद झाली.’

गोळी थांबवताना टीमला तीन गोष्टी विचारा. यानंतर पीसीआर करायची का, किती दिवसांनी आणि किती काळ? सीबीसी आणि एलएफटी किती दिवसांनी? आणि पुढे रिजेक्शनसाठी स्टेरॉइडचा मोठा डोस किंवा तसलं जोरदार औषध द्यावं लागलं तर गोळी पुन्हा सुरू होईल का? हा तिसरा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. अशा उपचारानंतर धोका पुन्हा वर जातो आणि अनेक केंद्रं काही काळ गोळी किंवा तपासण्या परत सुरू करतात.

सातवी पायरी: नागीण आणि कांजिण्या

नागीण ट्रान्सप्लांटनंतर केव्हाही येऊ शकते, कित्येक वर्षांनीसुद्धा. आधी छातीच्या, पाठीच्या, कमरेच्या किंवा चेहऱ्याच्या एका बाजूला जळजळ, टोचल्यासारखं दुखणं, आणि दोन-तीन दिवसांत त्याच पट्ट्यात पाण्याने भरलेले फोड. दुखणं आधी आल्यामुळे कधी हृदयाचं, कधी मणक्याचं वाटतं.

आपल्याकडे अजूनही नागीण मंत्राने उतरवायला नेतात, वर गेरू नाहीतर कसलातरी लेप लावतात. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, ही समजूतही घरोघरी आहे. विषाणू एका मज्जातंतूच्या वाटेने येतो, म्हणून पुरळ अंगाच्या मध्यरेषेशी थांबतं. जुळण्याचा आणि मृत्यूचा काही संबंध नाही. पण ट्रान्सप्लांटच्या रुग्णात खरा धोका आहे तो वेळ जाण्याचा. औषध फोड आल्यापासून 72 तासांच्या आत सुरू व्हावं, आणि उतरवून घेण्यात नेमके तेच तीन दिवस जातात. आजी नाराज होतील, तरी आधी फोन करा. लेपाने फोडांत जंतूही शिरतात.

साध्या नागिणीला व्हॅलासिक्लोव्हिर 1 ग्रॅम दिवसातून तीनदा किंवा अॅसिक्लोव्हिर 800 मिलिग्रॅम दिवसातून पाचदा, किमान सात दिवस देतात. फोड अंगावर इतरत्र पसरले, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याजवळ आले, कानात आले, चेहरा वाकडा झाला, किंवा ताप, धाप, ग्लानी असेल तर सरळ हॉस्पिटल. अशा वेळी औषध शिरेतून लागतं. क्वचित पुरळ यायच्या आधीच तीव्र पोटदुखी आणि बिघडलेली एलएफटी दिसते. त्यामागे हाच विषाणू असू शकतो.

दुखण्यावर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेऊ नका, टॅक्रोलिमसबरोबर त्या किडनीला मारक ठरतात. नसांच्या दुखण्यावर कार्बामाझेपिन लिहून दिलं तर तेही विचारल्याशिवाय नको, कारण ते टॅक्रोलिमसची पातळी खाली आणतं आणि रिजेक्शनचा धोका वाढतो.

कांजिण्यांचं पथ्य वेगळं. ज्याला पूर्वी कांजिण्या झाल्या नाहीत आणि लसही मिळाली नाही, असा रुग्ण कांजिण्या झालेल्या मुलाबरोबर एका खोलीत बसला, तर फोड यायची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी टीमला कळवा. अँटिबॉडीचं इंजेक्शन दहा दिवसांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं, देता येतं. ते सगळीकडे मिळेलच असं नाही, तेव्हा विषाणूविरोधी गोळ्यांचा कोर्स देतात. शाळेतून ‘वर्गात कांजिण्यांची साथ आहे’ असा मेसेज आला तर तोही टीमला कळवण्याजोगा आहे. घरातल्या निरोगी मुलांना कांजिण्यांची लस देता येते. लशीनंतर अंगावर पुरळ आलं तर ते सुकेपर्यंत मूल रुग्णापासून दूर ठेवा.

आठवी पायरी: ईबीव्ही, विशेषतः मुलांच्या पालकांनी

ईबीव्ही बी-पेशींमध्ये, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्ये, राहतो. पहारा सैल झाल्यावर तो या पेशींना बेसुमार वाढायला लावू शकतो आणि त्यातून ट्रान्सप्लांटनंतरचा एक लसिकापेशींचा आजार होतो. डॉक्टर त्याला पीटीएलडी म्हणतात. तो साध्या सुजेपासून लिम्फोमापर्यंत, म्हणजे या पेशींच्या कॅन्सरपर्यंत, कुठेही असू शकतो. निगेटिव्ह बाळाला पॉझिटिव्ह पालकाचं लिव्हर मिळालं असेल तर पहिल्या वर्षी याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावं लागतं. म्हणून ईबीव्ही पीसीआर ठराविक अंतराने, बऱ्याच ठिकाणी दर महिन्याला, करतात.

घरी काय पाहायचं? न उतरणारा ताप. मानेत, काखेत, जांघेत गाठी. टॉन्सिल वाढून मूल नव्याने घोरायला लागणं. वजन न वाढणं, खाणं सुटणं, शौचातून रक्त, फिकटपणा. यातलं काही दोन-तीन दिवस टिकलं तर दाखवा. घोरण्याकडे कुणी गंभीरपणे पाहत नाही, पण ट्रान्सप्लांट झालेल्या मुलात ते महत्त्वाचं आहे.

या विषाणूवर खात्रीची गोळी नाही. पहिला उपाय म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करणं, आणि बऱ्याच मुलांत तेवढ्यानेही फरक पडतो. पुढे बी-पेशी कमी करणारं रिटुक्सिमॅब, काहींना केमोथेरपी. औषधं कमी करण्याचा हा निर्णय डॉक्टरांचा. इंटरनेटवर वाचून टॅक्रोलिमस घरी कमी केलं तर रिजेक्शन ओढवून घ्याल.

उरलेले तीन

सहावा आणि सातवा बहुतेकांत गाजावाजा न करता जागे होतात आणि निवळतात. क्वचित सहाव्यामुळे ताप, पुरळ, पेशी कमी होणं, लिव्हरला सूज किंवा मेंदूज्वर होतो. एक गोष्ट कानावर असू द्या: साधारण 1 टक्का माणसांत हा विषाणू जन्मापासून गुणसूत्रातच जोडलेला असतो. अशा रुग्णाच्या किंवा दात्याच्या पेशींमुळे पीसीआरचा आकडा प्रचंड येतो, आजार मात्र नसतो. आकडा लाखांत आणि रुग्ण ठणठणीत असेल तर ही शक्यता डॉक्टरांना विचारा, विनाकारण जड औषधं टळतील.

आठव्यामुळे कापोसी सार्कोमा हा एक प्रकारचा कॅन्सर होतो. आपल्याकडे तो कमी दिसतो. पायावर, अंगावर किंवा टाळूवर जांभळे, न दुखणारे डाग आले आणि गेले नाहीत तर दाखवा.

फोनवर काय सांगायचं, आणि फोनआधी काय करायचं नाही

फोन लावताना पहिलं पान समोर ठेवा. ट्रान्सप्लांटला किती महिने झाले, ताप किती आणि कधीपासून, जुलाब-उलट्या आहेत का आणि त्यात टॅक्रोलिमसची गोळी पडून गेली का, नवीन फोड किंवा पुरळ, शेवटच्या सीबीसी-एलएफटीचे आकडे, विषाणूविरोधी गोळी चालू की बंद, गेल्या पंधरा दिवसांत कुणी कुठलं नवीन औषध दिलं. पुरळाचा फोटो उजेडात काढून पाठवा. ही माहिती पहिल्याच फोनवर मिळाली तर डॉक्टर लगेच सांगू शकतात की उद्या सकाळी रक्त द्या, की आत्ता निघा.

फोन होईपर्यंत स्वतःहून अँटिबायोटिक सुरू करू नका. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणि फ्लुकोनॅझोलसारखी बुरशीवरची औषधं टॅक्रोलिमसची पातळी चढवतात, रिफाम्पिसिन ती पाडतं. ‘ताकद वाढावी’ म्हणून गुळवेल, काढे, इम्युनिटी बूस्टर देऊ नका. ज्या प्रतिकारशक्तीला मुद्दाम शांत ठेवलंय तिलाच ते डिवचू शकतात. शिवाय गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली होती. द्राक्षफळ आणि पपनस टॅक्रोलिमसशी अडतात, तेव्हा कोकणातून कुणी प्रेमाने पपनसं पाठवली तर ती घरातल्या इतरांनी खावीत.

रुग्णाला उलटी झाली आणि गोळी पडली की नाही कळत नसेल तर परत गोळी द्यायची का, हे टीमला आजच विचारून त्या पहिल्या पानाच्या मागे लिहून ठेवा. प्रत्येक केंद्राचा नियम थोडा वेगळा असतो, आणि हा प्रश्न नेहमी रात्रीच पडतो.